झाडाचं वय हद्द पाहून मोजायचं का?

2020 मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करायला जुनी झाडं तोडली, तेव्हा वर्धेकर रस्त्यावर उतरले. गांधीजींच्या काळातली झाडं होती ती, असं जुने लोक सांगतात. "विकासाला विरोध करता काय?" हेही तेव्हा ऐकावं लागलं. मंडळी, विरोध रस्त्याला नव्हताच.

पुढे 2021 मध्ये राज्याने झाडांचा कायदा सुधारला. 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज'. ते तोडायचंच असेल तर झाडाचं जेवढं वय, तेवढी रोपं लावा आणि 7 वर्षं जगवा. छानच! पण हा कायदा फक्त नागरी भागाला. गावाकडे 1964 चा कायदा चालतो. त्याच्या यादीत आंबा, चिंच, मोह, जांभूळ आहेत. वड, पिंपळ, कडुनिंब नाहीत. आणि आपल्या रस्त्यांवर सावली कोणाची? याच तिघांची!

आश्रमात बापूंनी 1936 मध्ये लावलेला पिंपळ आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. तसाच पिंपळ गावाच्या रस्त्यावर असला की तो 'अडथळा' होतो.

रोपाची सावली पडायला कित्येक वर्षं जातात. तोवर मे महिन्याच्या उन्हात कस्तुरबा दवाखान्यात सायकलने येणाऱ्याने काय करायचं?

हेरिटेजचा नियम गावांनाही लावा, ही मागणी आपल्या आमदारांकडे करू. आणि येत्या ग्रामसभेत आपल्या रस्त्यावरच्या जुन्या झाडांची यादी करून ठराव घ्या. कुऱ्हाड आल्यावर धावण्यापेक्षा ते बरं.