मुहम्मद अली : साडेतीन वर्षांचा हिशोब

आपल्यापैकी बहुतेकांना मुहम्मद अली रील्समधून भेटतात. फुलपाखरू, मधमाशी, एक ठोसा, संपलं. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर, तिशीतला. मला आधी दिसतं ते त्यांचं वय.

28 एप्रिल 1967 ला ह्यूस्टनच्या भरती केंद्रात नाव पुकारल्यावर अलींनी पाऊल पुढे टाकलं नाही, तेव्हा ते 25 वर्षांचे होते आणि हेवीवेटचे जगज्जेते. व्हिएतनामचं युद्ध त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हतं. शिवाय लुईव्हिलमध्ये आपल्या काळ्या भावंडांना साधे हक्क मिळत नसताना दूरच्या गरिबांवर गोळ्या का झाडायच्या, हा त्यांचा सवाल होता. किताब गेला, परवाने गेले. जूनमध्ये पाच वर्षं कैद आणि 10,000 डॉलर दंड. अपिलामुळे तुरुंग टळला, पण ऑक्टोबर 1970 पर्यंत रिंग बंद. बॉक्सरच्या उमेदीची ती वर्षं कोणतंही कोर्ट परत देत नाही. त्या काळात ते कॉलेजांमधून भाषणं देत फिरले.

28 जून 1971 ला सुप्रीम कोर्टाने 8-0 ने शिक्षा रद्द केली. निकाल अगदी रुक्ष आहे. अर्ज फेटाळताना अपील मंडळाने कारणच नोंदवलं नव्हतं, आणि सरकारने पुढे केलेल्या तीन कारणांपैकी दोन सरकारनेच कोर्टात सोडून दिली होती. नागरी हक्कांची लढाई भाषणांइतकीच अशा फायलींमध्येही लढली जाते. आपल्यातल्या एलएलबी करणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

आपल्याकडे माणूस आवडला की आपण त्याचा पीर करतो. अलींचा करू नये. बंदीच्या काळात मदतीला उभ्या राहिलेल्या जो फ्रेझियरला त्यांनी पुढे जाहीरपणे 'गोरिला' म्हटलं. माल्कम एक्सकडे त्यांनी पाठ फिरवली, त्याचा पस्तावा नंतर स्वतःच लिहून ठेवला. 1975 नंतर ते सुन्नी इस्लामकडे वळले, तेव्हा त्यांची भाषाही बरीच मवाळ झाली.

आणि नाव. 1964 मध्ये त्यांनी कॅशियस क्ले हे नाव टाकलं, तरी वर्तमानपत्रं कित्येक वर्षं तेच छापत राहिली. ऑफिसात सोयीसाठी स्वतःचं नाव आखूड करून सांगणाऱ्या माझ्या दोस्तांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. अली जो खटला जिंकले, तोही कायद्याच्या पुस्तकांत आजवर 'क्ले विरुद्ध युनायटेड स्टेट्स' याच नावाने आहे.