गावचा पार आणि कचेरीतला नकाशा

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्यात फेरफटका मारला तर कुलूप लावलेले एखादे समाजमंदिर हमखास दृष्टीस पडते. दर्शनी भिंतीवर उद्घाटकांची नावे कोरलेली असतात. आत खताची पोती, मांडवाचे बांबू, नाहीतर काहीच नसते. हाकेच्या अंतरावर मारुतीच्या देवळापुढील पारावर मात्र माणसांची दाटी असते. ग्रामस्थांना सार्वजनिक वास्तूची किंमत नाही, असा निष्कर्ष यावरून काढण्याची शहरी सवय आहे. तो निष्कर्ष चुकीचा आहे. पाराची जागा वापरातून ठरली; समाजमंदिराची जागा मोकळी जमीन कोठे आहे आणि मार्चअखेर निधी कोठे खर्ची घालता येईल, यावरून ठरली.

या बाबतीतला सर्वांत मोठा धडा मराठवाड्यात मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. पुढे पन्नासाहून अधिक गावे नव्या जागी वसविण्यात आली. स्थलांतराची मागणी लोकांचीच होती, हे नाकारता येत नाही. ढिगाऱ्याशेजारी पुन्हा संसार मांडण्याचे धैर्य कोणाला असणार? परंतु भयाच्या पोटी दिलेला होकार आणि शांतपणे केलेली आखणी या भिन्न गोष्टी होत. घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवरून ठरले : २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. गावठाणे शहरी वसाहतींच्या धर्तीवर सरळ रेषांत आखली गेली. जुन्या गावांत बोळ अरुंद होते, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदे एकमेकांना खेटून होती, आणि त्या रात्री त्यांनीच माणसे गाडली, हे खरे. पण त्याच बोळांत दुपारची सावली असे, तेथेच बायका धान्य निवडत, तेथेच म्हाताऱ्यांचा दिवस जाई. नव्या गावांचा विस्तार जुन्यांच्या कितीतरी पट झाला. रस्ते रुंद झाले, पण दोन माणसांनी उभे राहून बोलावे अशी सावली उरली नाही. रस्ते, नळ, गटारे, दिवे यांची लांबी वाढली आणि त्यांच्या देखभालीचा भार तुटपुंज्या उत्पन्नाच्या ग्रामपंचायतींवर येऊन पडला. भांडवली खर्च एकाने केला, आवर्ती खर्च दुसऱ्याच्या माथी बसला आणि निर्णय तिसऱ्यानेच घेतला, असा हा हिशेब आहे.

त्याच पुनर्वसनात एक वेगळा प्रयोगही झाला, हे फारसे कोणाच्या ध्यानात नाही. ज्या हजारावर गावांत घरे जागच्या जागी दुरुस्त व मजबूत करावयाची होती, तेथे मदतीचा पैसा हप्त्याहप्त्याने घरमालकांना देण्यात आला आणि स्थानिक महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमण्यात आल्या. अभियंता व कुटुंब यांच्यातला दुवा म्हणून त्यांनी काम केले. हे घरांपुरते होते, गावाच्या चौकापुरते नव्हे. तरी तांत्रिक गोष्ट खेडुतांच्या आकलनापलीकडची असते, या समजाला त्याने पुरेसे उत्तर दिले.

कायद्याची उणीव आहे, असेही नाही. त्याच १९९३ सालच्या एप्रिलमध्ये ७३वी घटनादुरुस्ती अंमलात आली. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. २०१५ नंतर ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली ग्रामपंचायतीने आपला आराखडा आपणच करावा, असे ठरले. पण त्या आराखड्यात काम येते ते एका ओळीत : ‘सभामंडप बांधणे’, ‘पेव्हर ब्लॉक बसविणे’. दार कोणत्या दिशेला असावे, पावसाचे पाणी कोणाच्या अंगणात जाईल, एसटीची वाट पाहणाऱ्या मुली कोठे उभ्या राहतील, याची चर्चा होत नाही. हात वर होतात ते कामाच्या नावासाठी. त्याच्या रूपाशी गावाचा संबंध येतो तो पाया खणल्यावर. शिवाय ग्रामसभेस बसणे म्हणजे मजुराला रोजगार बुडविणे होय. अनुपस्थितीला उदासीनता म्हणणाऱ्यांनी हा खर्च मोजलेला नसतो.

तथापि ‘गावाला विचारा’ एवढे म्हणूनही भागत नाही. विचारायचे कोणत्या गावाला? ज्या पाराचे गोडवे गायले जातात, त्यावर स्त्रिया बसत नव्हत्या आणि दलितांना मज्जाव होता. महाडचे चवदार तळे नगरपालिकेच्या ठरावाने १९२४ मध्येच सर्वांना खुले झाले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना तेथे सत्याग्रह करावा लागला, आणि पाण्याला हात लावणाऱ्यांना मार खावा लागला. गावाचा एकमुखी ठराव म्हणजे पुष्कळदा चार वाड्यांचा ठराव असतो. म्हणून सहभागाची पहिली अट ही की, वस्तीवस्तीत जाऊन निराळे विचारले पाहिजे आणि विचारणे सभागृहात नव्हे, त्या जागेवर झाले पाहिजे. रांगोळी, खडे, चिंचोके घेऊन जमिनीवर गावाचा नकाशा काढण्याची पद्धत भारतातील खेड्यांत तीन दशकांहून अधिक काळ वापरली गेली आहे. अक्षरशत्रू बाईही त्यात बोट ठेवून सांगू शकते की रात्री अंधार कोठे असतो आणि पाणी कोठे तुंबते. तीच माहिती कचेरीतल्या नकाशात नसते.

यास वेळ लागतो, आणि वेळेला पैसा लागतो. सिमेंट, वाळू, लोखंड यांचे दर अंदाजपत्रकात काटेकोर मांडलेले असतात; लोकांचे ऐकण्यात जाणाऱ्या दोन-तीन आठवड्यांसाठी सहसा एक रुपयाही नसतो. ही रक्कम अंदाजपत्रकातच धरावी आणि तांत्रिक मान्यतेपूर्वी आणखी एक कागद मागावा : जागेवर झालेल्या बैठकांचे इतिवृत्त. स्त्रियांच्या व भूमिहीनांच्या सूचना कोणत्या होत्या, त्यांतल्या कोणत्या नाकारल्या आणि का, एवढे त्यात लिहिलेले असले तरी कनिष्ठ अभियंत्याला गुंडाळून ठेवलेला नकाशा पुन्हा उलगडावा लागेल.