क्रीडामंडळाची पत

कबड्डीचा सामना रंगात आलेला असतो. चढाईवर आलेल्या गड्याची बोटे बचाव करणाऱ्या एका गड्याच्या खांद्याला ओझरती लागतात आणि तो वेगाने मध्यरेषा ओलांडून आपल्या अंगणात परततो. धुळीच्या लोटात पंचांना तो स्पर्श दिसत नाही. परंतु ज्याच्या खांद्याला बोटे लागली, त्याला तो पक्का ठाऊक असतो. अशा वेळी जो आपण होऊन हात वर करतो आणि मैदानाबाहेर जातो, त्याच्या संघाचे नुकसान होते. पण त्याच्या मंडळाची पत वाढते.

गावोगावची हौशी क्रीडामंडळे वर्गणी, देणग्या व कार्यकर्त्यांची निरलस सेवा यांवर उभी असतात. लोकांचा विश्वास हेच त्यांचे खरे भांडवल होय. हा विश्वास मैदानाबाहेरही कसाला लागतो. वर्गणीची किती रक्कम हाती आली, हे पुष्कळदा खजिनदारालाच ठाऊक असते. कुमार गटात उतरवलेल्या खेळाडूचे खरे वय त्याच्या मंडळाला ठाऊक असते. पंचांना न दिसलेल्या स्पर्शासारख्याच या गोष्टी आहेत.

म्हणून प्रत्येक मंडळाने वर्गणीची पावती द्यावी, वार्षिक सभेत जमाखर्च वाचून दाखवावा आणि वयाचे दाखले स्पर्धेपूर्वीच तपासावेत. पंचांशी उद्धटपणे वागणाऱ्या खेळाडूस, मग तो संघाचा आधारस्तंभ का असेना, पुढील सामन्यात खेळवू नये. खेळाडूच्या वर्तनाचा जाब प्रथम त्याच्या मंडळानेच विचारला पाहिजे.

'समोरचा संघ लबाडी करीत असता एकट्याने प्रामाणिक राहून हरावे काय?' असे काही जण विचारतात. हा प्रश्न गैर नाही. प्रामाणिकपणाची किंमत कधी कधी खरोखरच मोजावी लागते. मोठ्या सामन्यांतही हे घडले आहे. १९८० साली मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत व इंग्लंड यांच्यात क्रिकेटचा कसोटी सामना झाला. इंग्लंडचा बॉब टेलर झेलबाद असल्याचा निर्णय पंचांनी दिला. चेंडू बॅटीला लागलेला नाही, असे भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांना वाटले आणि त्यांनी टेलरला परत बोलावले. टेलरने ४३ धावा केल्या व बोथमबरोबर १७१ धावांची भागीदारी रचली. भारत तो सामना हरला; इंग्लंडने तो दहा गडी राखून जिंकला. तरीही विश्वनाथांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

मंडळाच्या मैदानावर नव्याने येणारी मुले खेळाची रीत मोठ्या गड्यांकडे पाहूनच शिकतात. लबाडीने मिळवलेली ढाल त्यांना लबाडीच शिकवील. हात वर करून मैदानाबाहेर जाणारा गडी मात्र त्यांना आयुष्यभर पुरेल असा धडा देईल.