उपचार फसले की पाठपुरावा?



तीव्र नैराश्याचे रुग्ण घरी परतल्यावर पुन्हा आजारी पडतात, म्हणून रुग्णालयातले उपचारच फोल, असा मागील अंकातील पत्राचा सूर आहे. हा निष्कर्ष घाईचा आहे.

हॅरॉल्ड सॅकाइम व सहकाऱ्यांचा २००१ मधला अमेरिकेतील अभ्यास पाहावा. शॉक-उपचारांनी बरे झालेल्यांपैकी ज्यांना पुढे औषधाविना नुसती दिखाऊ गोळी दिली, त्यांच्यातले ८४ टक्के सहा महिन्यांत पुन्हा आजारी पडले. नॉर्ट्रिप्टिलिन आणि लिथियम ही दोन्ही औषधे मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

म्हणजे उपचार फोल नव्हते, पुढचा पाठपुरावा महत्त्वाचा; अर्थात ३९ टक्केही थोडे नव्हेत, म्हणून औषधांबरोबर लक्षही हवे.

घरी सोडल्यानंतरचे पहिले तीन महिने आत्महत्येच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात. म्हणून डिस्चार्ज कार्डावर पुढच्या भेटीची तारीख हवी, लिथियम चालू असल्यास रक्ततपासणीची नोंद हवी, गोळ्या कुणाच्या ताब्यात राहणार हे घरात ठरलेले हवे. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून परस्पर औषध थांबवू नये, ही वाचकांना कळकळीची विनंती.