लसाविची रीत पाठ, अर्थ सपाट

फाट्यावरच्या आणि कळमनुरी तालुक्यातल्या पालकांनो, जरा स्पष्टच लिहितो. राग आला तर कमेंटमध्ये भांडा, पण आधी पूर्ण वाचा.

घरातल्या सहावीच्या लेकराला विचारा, १२ आणि १८ चा लसावि किती? उभी मांडणी करून ते ३६ सांगेल. मग विचारा, ३६ म्हणजे काय? मी बऱ्याच पोरांना विचारून बघितलंय. "लघुतम साधारण विभाज्य" म्हणतात आणि गप्प बसतात.

आता हे बघा. समजा, एका हॉटेलात दर १२ मिनिटांनी भज्यांचा घाणा निघतो आणि दर १८ मिनिटांनी खिचडीचं पातेलं उतरतं. सकाळी ७ ला दोन्ही एकदम आले. पुन्हा एकदम कधी येणार? भजी १२, २४, ३६. खिचडी १८, ३६. म्हणजे ७ वाजून ३६ मिनिटांनी. झाला लसावि! ज्या फाट्याची खिचडी खायला लोक वाट वाकडी करून येतात, तिथल्या पोरांना हे उदाहरण कुणी देत नाही, याची चीड येते.

त्याऐवजी मिळतो शॉर्टकट. दोन्ही संख्यांचा गुणाकार करा, संपलं! ८ आणि ९ ला तो चालतो, उत्तर ७२. १२ आणि १८ ला २१६ येतं, म्हणजे गिऱ्हाईक १०:३६ पर्यंत ताटकळत. का चुकलं? दोन्हींत ६ सामाईक आहे, तो दोनदा मोजला गेला. २१६ ला ६ नं भागा, ३६ आलंच. हे कारण कळलेलं पोरगं नवोदयच्या परीक्षेत पर्यायात २१६ दिसलं तरी फसत नाही.

"मोबाईल सांगतो की" म्हणणाऱ्यांसाठी: वाटणीत एकाचा हिस्सा १/४, दुसऱ्याचा १/६. दोघांचा मिळून किती? ४ आणि ६ चा लसावि १२. म्हणजे ३/१२ आणि २/१२, मिळून ५/१२. बारा एकरांत पाच एकर. मोबाईल आकडेमोड करेल, पण कोणते आकडे घालायचे हे ज्याला कळत नाही, त्याला दुसरा सांगेल तीच वाटणी मान्य करावी लागते.

आणि हे काही परक्यांचं ज्ञान नाही. मराठवाड्यावर राष्ट्रकूटांचं राज्य होतं तेव्हा, इ.स. ८५० च्या सुमारास, अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. अपूर्णांकांच्या बेरजेसाठी त्यांनी लसावि वापरला, त्याला नाव दिलं 'निरुद्ध'.

शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात. म्हणजे आपणच की! पुढच्या बैठकीत भिंत, रंग, पंखे यांच्यासोबत एक प्रश्न विचारा: आमच्या लेकरांना गणितातलं "का" कधी शिकवणार? उत्तर मिळेपर्यंत उठू नका.