रोझवूड नावाच्या स्टेशनाचा पंचनामा

रेल्वे आली की जात जाईल, असं मार्क्सनं १८५३ साली लिहून ठेवलं. आगगाडीमागनं कारखाने येतील आणि पिढीजात धंद्यांवर उभी असलेली जात मोडून पडेल, असा त्याचा हिशेब. त्याला मी दोष देत नाही. तो लंडनात बसून लिहीत होता, महारवाडा त्यानं पाह्यला नव्हता. पण आमच्यातले काही शिकलेसवरलेले मित्र अजून हेच घोकतात. उद्योग आणा, रोजगार द्या, पोटाचा प्रश्न सुटला की जातीचा आपोआप सुटतो. मागच्या शिबिरात एका प्राध्यापकानं तर आम्हालाच दम भरला. म्हणे तुम्ही जातीचं रडगाणं गाता, म्हणून वर्गलढा अडलाय!

माझा बाप रेल्वेत गँगमन होता. रेल्वेनं आमच्यासाठी काही केलंच नाही असं म्हणायला मी कृतघ्न नाही. पगार मिळाला, गावची येसकरकी सुटली, शिळ्या भाकरीची टोपली सुटली. पण त्याच रुळावर, त्याच गँगमधे, पाण्याचा माठ वेगळा होता. रूळ सरळ गेले म्हणून माणसं सरळ होत नाहीत.

तरी पुरावा पाहिजे ना? मी एक गाव दाखवतो. अमेरिकेतलं दाखवतो, कारण आपल्याकडचं दाखवलं की हे लोक म्हणतात, तुम्ही भावनाविवश झालात. आणि अमेरिकेचं आपल्याला काय, असं कुणी विचारू नये. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' कुणाला अर्पण केली ते आठवा. १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव कुठनं उचललं तेही आठवा.

गावाचं नाव रोझवूड. फ्लोरिडा राज्याच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, सीडर की बंदरापासून नऊ मैल आत. नाव गुलाबावरनं नाही पडलं. तिथलं सीडरचं लाकूड कापलं की आतनं तांबूस निघायचं, त्यावरनं पडलं. १८४० च्या दशकात वस्ती झाली, आणि १८६१ साली तिथनं रेल्वे गेली, अटलांटिकच्या किनाऱ्यावरच्या फर्नांडिनापासून थेट सीडर कीपर्यंत. रेल्वेचा मालक डेव्हिड लेव्ही यूली. अमेरिकेच्या सिनेटमधला सभासद, उसाच्या मळ्याचा धनी आणि गुलामांचाही धनी. रूळ टाकायला गुलाम राबले. आणि तिथल्या काउंटीला, म्हणजे आपला जिल्हा समजा, नाव आहे लेव्ही. त्याच्याच नावाचं. राबणाऱ्याचं नाव कुठल्याही दगडावर नाही.

ह्या सीडरच्या लाकडाचं काय व्हायचं? शिसपेन्सिली. सीडर कीला पेन्सिल कंपन्यांच्या गिरण्या होत्या, फेबरची आणि ईगलची. जंगलात झाड पाडायचं, गिरणीत फळ्या पाडायच्या, पुढं कारखान्यात पेन्सिल. दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामाला लिहाय-वाचायला शिकवणं हाच मुळी गुन्हा होता, आणि गुलामी संपल्यावर त्याच लोकांच्या पोरांनी पेन्सिलीचं लाकूड पाडून साऱ्या जगाच्या शाळांना पुरवलं. आपल्या वाचकाला ह्यावर जास्त सांगायची गरज नाही.

१८९० च्या सुमाराला सीडर संपलं. कंपन्यांनी झाडं लावायचा विचार केला नव्हता, ओरबाडायचं आणि पुढं जायचं हाच धंदा. गिरण्या बंद पडल्या, गोरे दुसरीकडं सरकले. काळे थांबले. १९०० पर्यंत रोझवूड बहुतांशी काळ्यांचं गाव झालं. आता नीट ऐका, इथंच सगळं आहे. १९१५ साली वस्ती ३५५. तीन चर्चं, एक शाळा, मेसन लोकांचा एक हॉल, उसाचा चरक, बेसबॉलची स्वतःची टीम. दोन दुकानं, त्यातलं एक गोऱ्याचं. स्वतःच्या जमिनी. स्वतःची घरं, काही दुमजली. घरात पियानो, ऑर्गन. बाया तीन मैलांवरच्या सम्नर गावात गोऱ्यांची धुणी धुवायच्या, काही बाप्ये तिथल्या लाकडाच्या गिरणीत जायचे. संध्याकाळी सगळे आपल्या गावाला, आपल्या दाराशी परत. गुलामाची नातवंडं दाराला आतनं कडी लावून झोपायला लागली होती.

सम्नर ह्याच्या उलट. सगळं कंपनीचं. गिरणी कंपनीची, खोली कंपनीची. काळा मजूर तिथंही होता, पण कंपनीच्या खोलीत. आणि भोवतालच्या पाइनच्या जंगलात टर्पेंटाइनचे कॅम्प. झाडाला खाचा पाडून चीक काढायचा. मजुरानं उचल घ्यायची, उधारी कंपनीच्याच दुकानात, फिटता फिटत नाही. उचल घेऊन काम सोडलं तर फ्लोरिडाच्या कायद्यानं तो गुन्हा होता. १९४४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं तो कायदा रद्द केला, तोवर चालू. आपल्या ऊसतोड्याला आणि वीटभट्टीवाल्याला 'उचल' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. शिवाय तुरुंगातले कैदी लाकूड कंपन्यांना भाड्यानं मिळायचे. त्यात काळे मरत होते तोवर सगळं आलबेल होतं. १९२२ साली एका लाकूड कंपनीच्या कॅम्पात फटके खाऊन मार्टिन टॅबर्ट नावाचा गोरा पोरगा मेला, तेव्हा देशभर बोंब झाली आणि १९२३ साली ती पद्धत कायद्यानं बंद झाली.

त्याच १९२३ सालच्या १ जानेवारीला सम्नरमधल्या एका गोऱ्या बाईनं सांगितलं, काळ्या माणसानं घरात घुसून मारलं. तिच्याकडं धुण्याला जाणाऱ्या सारा कॅरियरच्या घरची माणसं पुढं सांगत आली की त्या दिवशी घरातनं बाहेर पडला तो गोराच होता. विचारतो कोण? कैद्यांच्या टोळीतनं पळालेल्या एका काळ्याचं नाव घेतलं आणि कुत्री सोडली. पहिल्याच दिवशी सॅम कार्टर ह्या लोहाराला हाल करून मारला. ४ तारखेच्या रात्री कॅरियरांच्या घराला वेढा पडला. सारा गोळी लागून मेली. पण त्या घरातनं गोळीला गोळी मिळाली आणि दोन गोरे दारातच पडले. मग काय, आजूबाजूच्या गावांतनं शेकडो जमले. पोरंबाळं रात्रीच्या कपड्यांवर, ऐन थंडीत, दलदलीत लपली. ७ तारखेपर्यंत चर्चं, हॉल, घरं, सगळं जाळलं. राहिलं ते गोऱ्या दुकानदाराचं घर.

आणि रेल्वे? मार्क्सची रेल्वे? ती आली. ब्राइस नावाचे दोन गोरे भाऊ होते, त्यांनी पहाटे गाडी सावकाश आणून बाया-पोरं डब्यात घेतली. त्या दोन माणसांना माझा सलाम. पण बाप्ये घेतले नाहीत, जमावाची भीती होती.

आता प्राध्यापकसाहेब, उत्तर द्या. सम्नरमधे काळे मजूर होतेच की. त्यांना का नाही जाळलं? गिरणीच्या गोऱ्या साहेबानं त्यांना वस्तीत ठेवलं, जमावाला हात लावू दिला नाही. मशीन चालवायला हात पाहिजेत. मालकाचा काळा वाचला, स्वतःचा मालक असलेला काळा जळाला. उपाशी होता म्हणून नाही, त्याच्या दारात पियानो वाजत होता म्हणून! पोटाचा प्रश्न सुटला की जात सुटते म्हणता? पोटाचा प्रश्न ज्याचा सुटला त्याचंच घर आधी पेटलं.

गोरे मजूर कुठं होते म्हणाल, तर जमावात. दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल लपवली. लाकडाच्याच धंद्यात, लुइझियानातल्या बोगालुसाला, १९१९ साली सॉल डेकस ह्या काळ्या युनियन पुढाऱ्याला वाचवताना गोरे युनियनवाले कंपनीच्या माणसांच्या गोळ्यांनी मेले. अशी माणसं होती. त्यांच्या वाटेनं जा, मग आम्हाला वर्गलढा शिकवायला या. माठ वेगळा ठेवून युनियन एक होत नाही.

सरकारचं थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्या पाठच आहे. शेरीफनं तार केली, फौजेची गरज नाही. फेब्रुवारीत ग्रँड ज्युरी बसली, म्हणाली पुरेसा पुरावा नाही. सरकारी आकडा आठ मेले, सहा काळे दोन गोरे. वाचलेली माणसं याहून किती तरी जास्त सांगत. खैरलांजीत काय झालं? २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबाकडं स्वतःची जमीन होती, पोरं शिकत होती. चौघांना मारलं. खुनाची शिक्षा झाली, पण खालच्या कोर्टानं २००८ साली आणि हायकोर्टानं २०१० साली सांगितलं, अ‍ॅट्रॉसिटी कायदा इथं लागत नाही. म्हणजे खून झाला, जात मात्र जागेवर हजर नव्हती!

रोझवूडची माणसं साठ वर्षं गप्प राहिली. आयांनी पोरांना गावाचं नाव घेऊ दिलं नाही. १९८२ साली एका वार्ताहरानं खणून काढलं, मग वारस उठले, कायदेमंडळाच्या दारात बसले. १९९४ साली फ्लोरिडानं कायदा केला: एकूण सुमारे एकवीस लाख डॉलर, जिवंत राहिलेल्या म्हाताऱ्यांना प्रत्येकी दीड लाख, वारसांच्या पोरांना शिष्यवृत्ती. एकाहत्तर वर्षांनी. पण मिळवलं, आणि कुणाच्या दयेवर नाही, राज्यानं आमचं रक्षण केलं नाही हे राज्याच्याच कागदांवरनं सिद्ध करून. आपल्याकडं जळालेल्या वस्त्यांचे कागद कोण जमवतंय? १९७८ च्या मराठवाड्याचे पंचनामे कुणाच्या घरात आहेत? म्हातारी माणसं आहेत तोवर वही घेऊन जा त्यांच्याकडं. भाषणं नंतर करा.

सम्नरची गिरणी काही वर्षांत जळाली, कंपनी दुसऱ्या गावाला गेली. १९३२ साली रेल्वेनं तो फाटा बंद केला. रोझवूडला आता हमरस्त्यावर एक सरकारी पाटी आहे, २००४ सालची. एका काळ्या निवृत्त प्राध्यापकानं तिथं थोडी जमीन विकत घेतली. सप्टेंबर २०२२ मधे तो आपल्या माणसांना घेऊन त्या जमिनीची मोजणी बघायला गेला होता. शेजारचा गोरा आला, शिव्या दिल्या, आणि ट्रक अंगावर घातला. २०२३ साली ज्युरीनं त्याला दोषी ठरवलं. सातबारा, म्हणजे तिकडं जे काय असतं ते, प्राध्यापकाच्याच नावावर होता.