मंद लॅपटॉप आणि पेढीचा हिशेब

जीएसटीआर-३बी विवरणपत्राची २० तारीख जवळ येते आणि नेमका तेव्हाच पेढीवरील लॅपटॉप रुसतो. हिशेबाची फाइल उघडेपर्यंत समोरचा चहा निवतो. मुलगा म्हणतो, ‘पप्पा, नवीनच घेऊ या.’ वडिलांना चार वर्षांपूर्वी मोजलेली रक्कम आठवते. दुरुस्तीवाला यंत्र न उघडताच ‘हार्ड डिस्क गेली’ असे सांगून मोकळा होतो. तिघांचेही म्हणणे अंदाजाचे असते. जमा-नावे न तपासता ताळेबंदावर सही करण्यासारखेच हे झाले.

मुळात दोन प्रश्न वेगळे करावयास हवेत. डिस्क मंद आहे की निकामी होत आहे? पहिल्यात वेळ जातो. दुसऱ्यात सारा हिशेबच जाऊ शकतो. म्हणून कोणत्याही तपासणीपूर्वी हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेणे, हे पहिले कर्तव्य.

त्यानंतर लॅपटॉप सुरू करून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. कारण आरंभी अपडेट आणि अँटिव्हायरस यांचे काम चालू असते. मग कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्या की विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचा वापर टक्केवारीत दिसतो. प्रथम मेमरी पाहावी. ती नव्वदीच्या आसपास अडकली असेल, तर दोष बहुधा अपुऱ्या रॅमचा. रॅम कमी पडली की संगणक डिस्कवर उसनवारी करतो आणि निर्दोष डिस्कही १०० टक्के व्यग्र दिसते. मेमरीत पुरेशी जागा असून हाती विशेष काम नसतानाही डिस्क शंभरावरच राहत असेल, तर मात्र संशय डिस्कवर येतो. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला नाही, हेही पाहून घ्यावे.

संशयाला पुरावा डिस्कच देते. प्रत्येक आधुनिक डिस्क ‘स्मार्ट’ नावाची स्वतःच्या प्रकृतीची नोंदवही ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फो हा विनामूल्य प्रोग्रॅम ती वाचून दाखवतो : निळा रंग ठीक, पिवळा सावधगिरीचा, तांबडा धोक्याचा. त्यातील दोन नोंदी व्यापाऱ्याला सहज उमगतील. ‘पेंडिंग सेक्टर’ म्हणजे संशयित येणी. वाचता न आलेले, निर्णय बाकी असलेले भाग. ‘रिअलोकेटेड सेक्टर’ म्हणजे बुडीत ठरवून राखीव गंगाजळीतून भरून काढलेली खाती. एखादी जुनी नोंद स्थिर असेल तर लक्ष ठेवावे. आकडा आठवड्यागणिक वाढत असेल तर गंगाजळी आटत आहे, असे समजावे. मात्र निळा रंग ही हमी नव्हे. काही डिस्का पूर्वसूचना न देताच बंद पडतात.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, फाइली उघडताना वारंवार त्रुटी येत असेल, तर पुढील चाचण्या थांबवाव्यात. दीर्घ तपासणीचा ताण आजारी डिस्कला सोसवत नाही. प्रत राहिली असेल तर ती तेवढी घ्यावी आणि यंत्र बंद करून जाणकाराकडे न्यावे.

डिस्क निरोगी, पण जुनी फिरत्या तबकडीची असेल, तर लॅपटॉप फेकण्याचे कारण नाही. अशी डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, तर साटा जोडणीची एसएसडी ५०० एमबीच्या आसपास. लहान लहान फाइलींच्या बाबतीत अंतर याहूनही मोठे. आधीच एसएसडी असलेल्या यंत्रात मात्र हा खर्च व्यर्थ ठरेल. तेथे दोष अन्यत्र शोधावा. बदललेली जुनी डिस्क दुरुस्तीवाल्याकडे सोडू नये. तीत सर्व ग्राहकांची येणी-देणी असतात.

जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जतन करावी लागतात. इतका काळ एकाच डिस्कवर विसंबणे योग्य नव्हे. एक प्रत पेढीवर, एक घरी, आणि महिन्यातून एकदा ती उघडते का याची खात्री, एवढी शिस्त असावी. डिस्क बाजारात पुन्हा मिळते. कोणाकडे किती येणे आहे, ही नोंद बाजारात मिळत नाही.